आधी तालुक्यात तपासा, मग राज्यभर न्या!

सरकारी योजना कागदावर कितीही चांगली असली, तरी तिची खरी परीक्षा बांधावर होते. ही परीक्षा योजना लागू होण्याआधी घ्यायची की नंतर, हाच सध्याचा कळीचा प्रश्न आहे.

ताजं उदाहरण एक रुपयातल्या पीक विम्याचं. २०२३ च्या खरिपात ही सवलत एकदम राज्यभर सुरू झाली. हेतू चांगला होता. गरीब शेतकऱ्याला हप्त्याचा भार नको. पहिल्याच खरिपात दीड कोटीहून अधिक अर्ज आले. पुढे सरकारी आणि दुसऱ्याच्या जमिनीवरही विमा उतरवल्याची प्रकरणं उघडकीस आली. २०२५ मध्ये सवलत बंद झाली आणि त्या खरिपापासून शेतकऱ्याला पुन्हा हप्ता आला. खोटे अर्ज कोणी भरले? भुर्दंड मात्र प्रामाणिक शेतकऱ्याला! सातबारा, पेरा आणि अर्ज यांचा मेळ आधी दोन-चार तालुक्यांत घालून पाहिला असता, तर ही भोकं पहिल्याच हंगामात दिसली असती. पैसे गेल्यावर तपासणी म्हणजे वरातीमागून घोडं.

याच महाराष्ट्रात उलट वाटेनं गेलेली योजनाही आहे. ती म्हणजे रोजगार हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग करून पाहिला. मागेल त्याला काम देता येतं, हे तिथं दिसलं. १९७२ साली राज्यानं योजना स्वीकारली. त्याच साली मोठा दुष्काळ पडला आणि हजारो कामांवर मजूर, हजेरीपट, मोजमाप सांभाळण्याचा अनुभव यंत्रणेच्या गाठीशी आला. १९७५ च्या व्यवसाय करानं पैशाची सोय केली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. म्हणजे तासगावपासून कायद्याच्या अंमलापर्यंत जवळपास चौदा वर्षं! २००५ मध्ये देशाचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

सुधारणाही थांबली नाही. १९९० मध्ये याच योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. मजुरीचा पैसा शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात खर्च होऊ लागला आणि झाडं जगली तरच पुढचं अनुदान, अशी अट आली. आंबा, काजू, डाळिंब, बोर यांच्या बागा माळरानावर उभ्या राहिल्या. नवी कल्पना म्हणतात ती हीच. त्यासाठी नवं खातं काढावं लागलं नाही.

कोणी म्हणेल, चौदा वर्षं थांबायला शेतकऱ्याकडे वेळ कुठं आहे? बरोबर आहे. पण एका तालुक्यात एक हंगाम, एवढं तरी जमण्यासारखं आहे. चाचणीत कृषी सहायक, तलाठी आणि ग्रामसेवक यांना काय अडलं, हे लेखी मागवावं आणि मगच शासन निर्णय काढावा. आता या हुद्द्यांची नावं बदलली. पण वरून खाली आदेश येतो तसा खालून वर अनुभव जाण्याची वाट अजून अरुंदच आहे. आमच्याकडून आकडे मागितले जातात, मत क्वचितच.

तोवर गावानं काय करावं? २०२५ च्या खरिपापासून विम्याची भरपाई पीककापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर ठरू लागली. हे प्रयोग महसूल, कृषी आणि ग्रामपंचायतीची माणसं करतात. तेव्हा शेतकऱ्यांनी प्रयोगाच्या दिवशी प्लॉटवर हजर राहावं, वजन डोळ्यांनी पाहावं. ई-पीक पाहणी मुदतीत आणि खरी नोंदवावी. योजनेत खोट दिसली, तर पारावर चर्चा करून सोडू नये. ग्रामसभेत ठराव घ्यावा, प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याला द्यावी आणि पोच घ्यावी. गावकामगारांनीही अडचण फोनवर न सांगता टिपणी लिहून वर पाठवावी.

धोरण मंत्रालयात ठरतं हे खरं. पण ते शहाणं होतं शिवारात. शिवाराचा कागदच वर गेला नाही, तर पुढची योजनाही अंदाजानंच आखली जाईल आणि त्या अंदाजाची किंमत पुन्हा शेतकऱ्यालाच मोजावी लागेल.