दुखणे कोणत्या भाषेत सांगायचे?

‘काय होतंय?’ हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न. छातीत कळ येते की जळजळते? चक्कर म्हणजे खोली गरगर फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते? खोली फिरत असेल तर संशय कानाच्या आतल्या भागाकडे जातो. अंधारी येत असेल तर रक्तदाब, हृदय किंवा रक्तातल्या साखरेकडे. एका शब्दाने तपासणीची दिशा बदलते. आणि हे नेमके शब्द माणसाला सुचतात ते मातृभाषेतच.

सोलापुरात ही मातृभाषा मराठीच असेल असे नाही. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. गिरण्या आणि मागांच्या आधाराने तेलुगू भाषक विणकर कुटुंबे शहरात स्थिरावली. पूर्व भागात आजही घराघरांत तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड आहे. विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्णही उपचारांसाठी सोलापूरच गाठतात. तरुण मंडळी मराठी सफाईने बोलतात; अडते ते घरात बसून आयुष्यभर विड्या वळलेल्या आजीचे. बाजारापुरती मराठी तिला येते, पण धाप नेमकी केव्हा लागते हे सांगण्याइतकी येत नाही.

समोरचा शिकाऊ डॉक्टरही अनेकदा परका असतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यामुळे राजस्थान किंवा केरळमधून आलेला विद्यार्थी आधी मराठीशीच झगडत असतो. २०१९ मध्ये लागू झालेल्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या १७५ तासांपैकी ४० तास भाषा आणि संगणकासाठी ठेवले गेले. पाऊल योग्य होते. पण सोलापुरात ‘स्थानिक भाषा’ म्हणजे फक्त मराठी धरली, तर निम्मेच काम होते.

मग दुभाषा कोण होतो? सोबत आलेला मुलगा, सून, नाहीतर वॉर्डातली मावशी. आजी पाच मिनिटे बोलते आणि नातू सांगतो, ‘पोटात दुखतंय म्हणते.’ मधले सगळे गळून जाते. पाळीच्या किंवा लघवीच्या तक्रारी मुलासमोर बाई उच्चारतही नाही. वाईट बातमी घरचा माणूस मुद्दाम सौम्य करून सांगतो. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर अंगठा उमटतो, पण संमती कशाला दिली हे कळलेले नसते.

चुकीच्या शब्दाची किंमत किती मोठी असते, याचे अमेरिकेतले उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८० मध्ये फ्लोरिडात १८ वर्षांच्या तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. खाण्यातून काही बाधले असावे, या अर्थाने घरच्यांनी ‘इंतोक्सिकादो’ हा स्पॅनिश शब्द वापरला. डॉक्टरांनी त्याचा अर्थ अमली पदार्थांचा अतिरेक असा घेतला आणि त्याच दिशेने उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. दुभाषा कोणी मागितलाच नव्हता, कारण आपल्याला कळले असे दोन्ही बाजूंना वाटत होते.

सोलापूरला याबाबतीत धडा बाहेरून आणण्याची गरज नाही. १९१० मध्ये इथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले. तिथे ते चिनी शिकले आणि जखमी सैनिकांशी, विद्यार्थ्यांशी त्याच भाषेत बोलू लागले. १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चीन त्यांना अजून विसरलेला नाही. ज्यांनी रणांगणावर परकी भाषा शिकून घेतली, त्यांच्याच गावातल्या डॉक्टरांना शेजारच्या पेठेतली भाषा अवघड वाटू नये.

यासाठी भाषापंडित होण्याची गरज नाही. कुठे दुखते, केव्हापासून, ताप आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, अशी तीस-चाळीस वाक्ये तेलुगू आणि कन्नडमध्ये शिकवता येतील. शिकवणारेही शहरातच आहेत: परिचारिका, आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक. मात्र मोडक्यातोडक्या भाषेचा आत्मविश्वास धोकादायक असतो. प्रश्न विचारता आला म्हणजे उत्तर समजले असे नव्हे. म्हणून संमती, गंभीर निदान आणि औषधांचे प्रमाण यांसाठी प्रशिक्षित दुभाषा हवाच, आणि त्या कामाला मोबदलाही हवा. शेवटी रुग्णाला विचारावे, ‘घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, सांगा बरं.’ तो आपल्या शब्दांत बरोबर सांगू लागला, की संवाद पूर्ण झाला.

तोवर सुरुवात दोन शब्दांनी करता येईल. तेलुगूत ‘एक्कड नोप्पि?’, कन्नडमध्ये ‘एल्लि नोवु?’, म्हणजे कुठे दुखतंय? उच्चार चुकेल, आजी हसेल. पण हसलेली आजी मोकळेपणाने बोलेल, आणि डॉक्टरांना हवे असते ते नेमके तेच.