बोटीवरचा अदब

सुट्टी लागली की आपल्या पुण्यातली काही कुटुंबं आता मुंबईहून गोव्याला क्रूझने जातात. हौस चांगलीच. पण अदब तिकिटाबरोबर मिळत नाही, तो घरूनच न्यावा लागतो.

पहिला अदब कवायतीचा. लाइफ जॅकेट कसं घालायचं, धोक्याच्या वेळी कुठे जमायचं, हे बोटीवर दाखवतात. फोटोंच्या नादात ते चुकवू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती.

दुसरा दस्तरखानाचा. बुफे आहे म्हणून ताट भरायचं आणि निम्मं टाकायचं, हा इसराफच. पैसे भरले म्हणून तो माफ होत नाही. हलालची चौकशी बुकिंग करतानाच करावी, रांगेत वाढणाऱ्याशी हुज्जत घालू नये.

तिसरा नमाजचा. मुसाफिराला कसरची सवलत आहे, चारच्या दोन रकात. जमात केबिनमध्ये करावी. येण्याजाण्याच्या वाटेत मुसल्ला अंथरून कुणाला अडवू नये.

मुंबईहून जिद्द्याला हाजींची जहाजं १९९५पर्यंत जात. तेव्हा सहप्रवाशाला जागा देणं, वडीलधाऱ्यांचं सामान उचलणं, हीच सफरीची तयारी मानली जाई.

आणि केबिन झाडणाऱ्या मुलाला ‘ए’ म्हणून हाक मारू नये. रत्नागिरी-रायगडातल्या आपल्या कितीतरी घरांतले मुलगे महिनोन्‌महिने बोटींवर राबतात. त्यांच्याशी कुणी कसं बोलावं असं आपल्याला वाटतं, तसंच आपण बोलावं.