मीटर बदलेल, पुरवठादार कोण बदलणार?

मोबाईलची कंपनी बदलावी तशी विजेची कंपनीही बदलता येईल, असे स्वप्न केंद्र सरकार दाखवीत आले आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यासाठी वीज कायदा दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले. एकाच तारेवरून अनेक कंपन्यांनी वीज विकावी ही त्यातील कल्पना! मुखेड, किनवट, निलंगा, औशाच्या माणसाने यावर हसावे की रडावे? त्याला महावितरणशिवाय दुसरे दार नाही. २००३ च्या कायद्याने बाहेरून वीज घेण्याची मुभा दिली, ती मोठ्या भाराच्या कारखानदारांना.

मुंबईच्या उपनगरांत २००९ पासून रिलायन्सचे ग्राहक टाटाकडे जाऊ लागले. छोट्या ग्राहकांकडे लक्ष द्या, असे टाटाला सांगण्याची वेळ २०१२ मध्ये वीज नियामक आयोगावर आली. नफ्याचा बाजार गरिबाच्या दारी आपण होऊन येत नाही. म्हणूनच अदानी समूहाच्या समांतर परवान्याविरुद्ध जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा तो आम्हाला केवळ कर्मचाऱ्यांचा प्रश्न वाटला नाही. बडे ग्राहक खाजगी कंपनीने उचलले की खेडी आणि झोपडपट्ट्या सरकारी कंपनीच्या गळ्यात राहतील आणि दर आमचेच वाढतील.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषय त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी धोरण समितीपुढे त्यांनी विजेची मालकी सरकारी असावी की खाजगी, हाच प्रश्न ठेवला होता. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत, उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी. १४ एप्रिल २०२१ रोजी त्यांच्याच नावाने महावितरणची 'जीवन प्रकाश' योजना सुरू झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना ५०० रुपये अनामत, तीही ५ हप्त्यांत. योजना चांगलीच होती. पण ५०० रुपयांचेही हप्ते पाडावे लागतात, त्या घरात आगाऊ पैसे भरायचे मीटर कसे चालणार?

स्मार्ट मीटरचा खरा प्रश्न इथे आहे. राज्यात सुमारे सव्वादोन कोटी मीटर, खर्च सुमारे २७ हजार कोटी. म्हणजे एका मीटरला १२ हजारांच्या आसपास. केंद्राचे अनुदान मीटरमागे फार तर ९०० रुपये, तेही मीटर प्रीपेड असेल तर! ग्राहकाकडून पैसे घेणार नाही असे सांगतात. मग उरलेले कुणाच्या बिलातून निघणार? जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, अशी घोषणा झाली. पुढे तेच यंत्र पोस्टपेड म्हणून दारात आले. ते दुरूनच प्रीपेड करता येते, हे वस्तीतल्या किती जणांना माहीत आहे?

मीटरला आमचा सरसकट विरोध नाही. रीडिंग न घेता ठोकलेली सरासरी बिले आमच्या वस्त्यांनी वर्षानुवर्षे भोगली. ज्या फीडरची वसुली कमी त्याला भारनियमन जास्त, या न्यायाने नियमित भरणारेही अंधारात बसले. नेमके रीडिंग मिळणार असेल तर ते हवेच. १ जुलै २०२५ पासून दिवसा ९ ते ५ च्या वापरावर सवलत जाहीर झाली, तीही वाईट नाही. मात्र त्या वेळी मजुराच्या घराला कुलूप असते, ही गंमत साहेबांना कोण सांगणार?

विरोध आहे तो दुरून वीज तोडण्याला. कायद्याच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तेवढ्यात माणूस उसनवारी करतो, बचत गटातून पैसे उचलतो. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की दिवा गेला. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचे घर महिनोन्‌महिने बंद असते. स्थिर आकार शिल्लक खात राहील आणि परतल्यावर घरात अंधार.

तेव्हा मीटर कधी घ्यायचे हे वस्तीने विहारात बसून ठरवावे. पोस्टपेडच राहील असे लेखी मागावे. जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो काढल्याशिवाय ते उतरवू देऊ नये. नवे मीटर पळते अशी शंका आली तर तक्रार करावी. २०२४ च्या नियमदुरुस्तीनुसार तक्रारीपासून ५ दिवसांत पडताळणीचे दुसरे मीटर बसवून किमान ३ महिने ठेवावे लागते. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्यावी.