ॲस्टर बियांपासूनच लावा

नवरात्र जवळ आलं की रोपवाटिकांच्या दारात फुललेल्या ॲस्टरच्या पिशव्या मांडलेल्या दिसतात. जांभळी, गुलाबी, पांढरी फुलं बघून आपण हौसेने दोन-चार रोपं उचलतो. दिवाळी सरता सरता ती वाळतात आणि घरात ठरून जातं, ‘आमच्या हाताला ॲस्टर लागत नाही.’ असं म्हणणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचंय, की यात तुमच्या हाताचा दोष नाही. ॲस्टर हंगामी झाड आहे. एकदा बहरलं की बी धरतं आणि संपतं. फुलावर आलेलं रोप तुम्ही घरी आणता, तेव्हा त्याचं निम्म्याहून अधिक आयुष्य सरलेलं असतं. त्यात पिशवी फाडताना मुळं दुखावली तर उरलेलंही जातं. म्हणून यंदा तयार रोपं आणू नका, बी पेरा.

बी ताजंच हवं. ॲस्टरच्या बियांची उगवणक्षमता फार झपाट्याने घटते. कपाटात तसंच ठेवलेलं बी वर्षभरात बरंचसं निकामी होतं, कोकण-गोव्याच्या दमट हवेत त्याहूनही लवकर. पाकिटावरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले गणेश’ मालिकेतले वाण आपल्या हवेत छान येतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘कामिनी’ (गडद गुलाबी) आणि ‘पौर्णिमा’ (पांढरा) हेही भरवशाचे.

देशावर जूनमध्ये पेरलंत तर दसरा-दिवाळीला फुलं मिळतात. कोकणात मात्र घाई करू नका. धो-धो पावसात कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. तिथे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर पेरावं. पसरट ट्रेमध्ये कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत घ्या, बी विरळ टाका आणि वर जेमतेम झाकेल एवढाच थर द्या. आठ-दहा दिवसांत उगवण दिसते. चार-पाच पानं आली, म्हणजे साधारण महिन्याभराने, रोपं संध्याकाळी कुंडीत हलवा. ८ इंची कुंडीत एक रोप, १२ इंचीत फार तर तीन. दाटी केलीत की हवा खेळत नाही आणि खालची पानं काळी पडू लागतात. ऊन रोज पाच-सहा तास तरी हवं. ज्या गॅलरीत ऊनच येत नाही तिथे ॲस्टरचा हट्ट धरू नये.

आता जिवावर येणारं काम. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक रोपाचा शेंडा खुडायचा. वाढतं रोप खुडायला मन धजत नाही, पण खुडाच. वरच्या पानांच्या जोडीसकट कोवळा शेंडा बोटाच्या चिमटीत धरून मोडला, की आठवड्याभरात पानांच्या बेचक्यांतून बारीक हिरवे फुटवे डोकावतात. पुढे त्या प्रत्येक फांदीवर फूल येतं. फुलं थोडी उशिरा आणि आकाराने किंचित लहान येतील; पण घरच्या देवाला, वेणीला, दाराच्या तोरणाला फुलं जास्त लागतात, मोठी नव्हे.

पाणी बुडाशी द्या, पानाफुलांवर नाही. मुळं उथळ असल्याने माती पार कोरडी पडू देऊ नका आणि चिखलही करू नका. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

ॲस्टरचा खरा वैरी मातीत असतो. चांगलं वाढलेलं झाड कळ्या धरायच्या सुमारास अचानक माना टाकतं, कधी एकाच बाजूची पानं पिवळी पडतात. लोक पाणी कमी पडलं समजून आणखी ओततात. अशा वेळी बुंध्याजवळचं खोड तिरकं कापून बघा. आत तपकिरी रेघ दिसली तर तो मर रोग आहे. ही बुरशी फ्युजॅरियम जातीची, आणि ती मातीत वर्षानुवर्षं टिकते. रोग लागल्यावर औषध नाही. झाड मुळासकट उपटून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये टाकू नका. त्या कुंडीत पुन्हा ॲस्टर लावू नका. मिरची किंवा पालक लावायला हरकत नाही. रोग आला नसला तरी दर हंगामाला ॲस्टरची माती बदलावी. नव्या मातीत निंबोळी पेंड आणि कुजलेल्या शेणखतात मिसळलेला ट्रायकोडर्मा घालावा. एवढं एक पथ्य पाळलंत तरी निम्मी झाडं वाचतील.

फुलं कापायची ती पूर्ण उमलल्यावर, सकाळी गारव्यात. घट्ट कळी कापली तर फुलदाणीत उमलत नाही. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका आणि पाणी रोज बदला.

सगळ्यात निरोगी झाडावरची दोन-तीन टपोरी फुलं मात्र कापू नका. ती तपकिरी होऊन मध्ये पांढरट कापसासारखी भुरभुरू लागली की खुडून सावलीत वाळवा आणि बी कागदी पुडीत बांधून हवाबंद डबीत, फ्रिजमध्ये ठेवा. पुडीवर रंग आणि महिना लिहा. साध्या वाणाचं असेल तर पुढच्या वेळी रंग बहुधा तोच येतो. एका फुलातही घरच्या गरजेहून जास्त बी निघतं. उरलेलं याच वर्षी शेजारीपाजारी वाटून टाका.