४ लाख खरे की ५४ लाख?



धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांचे नाव एकदा सगळ्या महाराष्ट्राने घेतले आणि मग विसरूनही टाकले. वीज प्रकल्पासाठी त्यांची सुमारे ५ एकर जमीन सरकारने घेतली. मोबदला ४ लाखांच्या आसपास. जमिनीत आंब्याची बाग होती ती धरलीच नाही, शेजाऱ्यांना मात्र कितीतरी पट पैसे मिळाले, असे त्यांचे म्हणणे होते. हेलपाटे घालून थकलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या या म्हाताऱ्याने २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले. २८ जानेवारीला ते गेले.

मग फेरमूल्यांकन झाले. आकडा निघाला सुमारे ५४ लाख.

दोन्ही आकडे एकाच सरकारचे. नुसत्या व्याजाने ४ चे ५४ होत नाहीत. पहिला आकडा चुकीचा असेल तर त्याखाली सही कोणाची, आणि त्या सहीचे पुढे काय झाले? दुसरा आकडा जनक्षोभाला भिऊन वाढवला असेल तर तो मोबदला नव्हे, खैरात आहे. आणि खैरात आम्हाला नको. सरकारने मात्र पुढच्याच महिन्यात मंत्रालयाच्या चौकात जाळी बांधली. वरून उडी मारणाऱ्याला झेलायला!

आम्ही शेतीशास्त्र शिकलो. आंब्याचे झाड लपवता येत नाही. बुंध्याच्या घेरावरून वयाचा अंदाज येतो, कलमी की रायवळ ते ओळखू येते. दर झाडी उत्पन्न, बाजारभाव आणि झाडाचे उरलेले आयुष्य धरले की हिशेब होतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २९ मध्ये झाडांची किंमत ठरवताना शेती, फळबागेतल्या जाणकाराची मदत घेण्याची सोय आहे. पण ती घेता येईल एवढेच कायदा म्हणतो, घेतलीच पाहिजे असे म्हणत नाही. या एका शब्दाच्या फटीतून आख्खी बाग गायब होऊ शकते. तो शब्द बदला, ही आमची पहिली मागणी आहे.

घरचेही सांगायला हवे. अधिसूचनेचा सुगावा लागला की रातोरात कलमे रोवणारे, पडीक खड्ड्याला विहीर म्हणणारे आपल्यातही आहेत. फुगवलेला पंचनामा आणि गाळलेला पंचनामा एकाच पेनाने लिहिला जातो. त्या पेनात शाई कोण भरतो, हे गावाला ठाऊक असते. त्यांची बाजू संघटना घेणार नाही, मग तो आमचा बिल्लेवाला का असेना.

सरकारी दप्तरातल्या दिरंगाईवर महाराष्ट्रात २००५ चा कायदा आहे. कोणत्याही टेबलावर फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, मुद्दाम रखडवली तर शिस्तभंगाची कारवाई व्हावी, असे त्यात लिहिले आहे. आपल्या जळगाव-धुळ्यात या कायद्याखाली किती जणांवर कारवाई झाली, हे प्रत्येक तालुक्याने माहितीच्या अधिकारात विचारावे.

आणि भावांनो, जिवावर उदार होऊ नका. माणूस गेल्यावर आलेले ५४ लाख कोणाच्या कामाचे? ज्यांची जमीन जाते आहे त्यांनी एवढे करावे. झाडे, विहीर, पाइपलाइन यांची नोंद सातबारावर आत्ताच पाहून घ्या. २०२१ पासून ई-पीक पाहणी आपल्याच हाताने करता येते. पंचनाम्याला स्वतः उभे राहा आणि वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. पैसे उचलताना ‘हरकत राखून’ असे लेखी द्या. मुकाट्याने उचलले तर वाढीव मोबदला मागण्याचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर अर्जाला सहाच आठवडे मिळतात.

पुढच्या जिल्हा बैठकीला निवाड्याची नक्कल आणि सातबारा घेऊन या. दोन कृषी पदवीधर आणि एक वकील दिवसभर बसणार आहेत. फी नाही, झेरॉक्सचे पैसे मात्र ज्याचे त्याने द्यावेत.