गोळ्या सोडलेल्यांसाठी तातडीचं आवाहन

परळ, लालबाग, दादर, गिरगावातल्या डॉक्टरांना, नर्सताईंना, वॉर्डबॉयना, केसपेपर लिहिणाऱ्यांना आणि चाळीतल्या शेजाऱ्यांना ही कळकळीची विनंती आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या काही माणसांनी विषाणूला आवरणाऱ्या एआरटीच्या गोळ्या मध्येच सोडल्या आहेत. गोळी बंद झाली की विषाणू पुन्हा वाढतो, प्रतिकारशक्ती ढासळते आणि टीबीला वाट मोकळी होते. एचआयव्ही असलेल्यांचे सर्वाधिक बळी टीबीच घेतो. म्हणून ही घाई.

पैसे नाहीत म्हणून गोळ्या सुटल्या, असं म्हणायला जागा नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकार त्या मोफत देतं. मुंबईत सुरुवात जे. जे. रुग्णालयात झाली, आज केईएम, सायन, नायरमध्येही एआरटी सेंटर आहे. २०१७ पासून प्रतिकारशक्तीच्या सीडी फोर पेशी कितीही असोत, निदान झालं की औषध सुरू होतं, आणि बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नेमानं घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. इतकं हाताशी असताना माणूस पाठ फिरवतो, तेव्हा त्याला अडाणी ठरवून आपण मोकळे होतो. मला ते अजिबात मान्य नाही. तो कुठल्या दारातून परत फिरला, ते आधी बघा.

केसपेपरवर लाल अक्षरात ‘पॉझिटिव्ह’. पलंगाला वेगळी पाटी. कारण न सांगता पुढे ढकललेली ऑपरेशनची तारीख. न विचारता केलेली रक्ततपासणी आणि पेशंटच्या आधी नातेवाइकांना कळलेला निकाल. असा अनुभव एकदा आला, की पुढच्या वेळी ताप अंगावर काढला जातो. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला प्रायव्हेटमध्ये दार लोटून बोलता येतं. घरकाम करणारी बाई, माथाडी कामगार, तृतीयपंथी, कामाठीपुऱ्यातली बाई यांच्या वाट्याला रांगच येते, आणि त्या रांगेपायी दिवसाचा रोजही बुडतो. रांगेत चाळीतलं कुणी दिसेल म्हणून लालबागची बाई घराजवळचं सेंटर सोडून लांब जाते. दहा बाय दहाच्या खोलीत बाटलीचं लेबल खरवडायचं, गोळ्या वाजू नयेत म्हणून वर कापूस कोंबायचा. हे वर्षानुवर्षं करून बघा म्हणजे कळेल.

गिरणगावाला, म्हणजे याच परळ-लालबागला, इस्पितळाबद्दलचा हा अविश्वास नवा नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये, प्लेगच्या दिवसांत, गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर, म्हणजे आजच्या कस्तुरबावर, चालून गेला होता. रोग्यांना सक्तीनं घरातून उचलून नेण्याचा हुकूम त्याच महिन्यात निघाला होता. तेव्हाही लोकांना अडाणी म्हटलं गेलं.

हॉस्पिटलमधल्या मंडळींची भीती मी खोटी म्हणत नाही. सुई टोचू शकते. पण ज्याची तपासणीच झालेली नाही त्याच्या रक्तातही विषाणू असू शकतो. म्हणून हातमोजे, सुया टाकायचा डबा आणि काळजी प्रत्येक पेशंटसाठी सारखीच हवी; पाटीनं कुणाचं रक्षण होत नाही. सुई टोचलीच तर लागण टाळणारी पीईपीची औषधं लगेच, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात. ती कर्मचाऱ्यांना मिळायलाच हवीत, असं कायदाही सांगतो.

तो एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. उपचार, नोकरी, शाळा, भाड्याचं घर, कुठेही एचआयव्हीमुळे भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, गुपित फोडता येत नाही. तक्रारीसाठी राज्यात लोकपालाची तरतूद आहे, आणि रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असेल तर त्यानं शक्यतो २४ तासांत आदेश द्यायचा आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १९९७ मध्ये, एचआयव्हीमुळे कामावरून काढलेल्या एका मजुराच्या बाजूनं मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला आणि त्याला नाव गुप्त ठेवून लढू दिलं.

गोळ्या सोडलेल्या ताई-दादांनो, परत या. किती महिने खंड पडला ते काउन्सेलरला खरं सांगा. उरलेल्या जुन्या गोळ्या आपल्या मनानं सुरू करू नका. कुठल्या सेंटरला जावं कळत नसेल तर १०९७ वर फोन करा, तो मोफत आहे.

घरमालकांनो, खोली रिकामी करायला सांगू नका. एका नळाच्या पाण्यानं, एका संडासानं एचआयव्ही पसरत नाही.

आणि फॅमिली डॉक्टरांनो, सगळ्यात मोठी भिस्त तुमच्यावर आहे. चाळीतला माणूस आधी तुमच्याच पायऱ्या चढतो. एखादा जुना पेशंट अचानक वाळलेला, महिनाभर खोकणारा आला, तर कंपाउंडरला बाहेर पाठवा आणि मग हलक्या आवाजात विचारा. गोळ्या सुटल्यात असं तो म्हणाला, तर रागावू नका. टीबीच्या तपासणीची चिठ्ठी द्या, त्याच्यासमोर सेंटरला फोन लावा आणि उद्या सकाळी त्यानं तिथे कुणाला भेटायचं, ते कागदावर लिहून द्या.