विश्लेषण : रॅमचे भाव भडकले, मग आहे तीच मेमरी पुन्हा का वापरायची नाही?

ऐरोली, महापे, रबाळे हा पट्टा एके काळी कारखान्यांसाठी ओळखला जायचा. आता तिथे डेटा सेंटर उभी राहत आहेत. पलीकडे पनवेलमध्ये योट्टाच्या 'एनएम१' केंद्रात एआयसाठी एनव्हिडियाच्या एच१०० चिप बसवल्या आहेत. अशा एका चिपवर मेमरी असते ८० जीबी. ही मेमरी बनवणाऱ्या बड्या कंपन्या जगात तीनच : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयची मागणी पुरवताना साध्या रॅमची टंचाई झाली. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा ब्रँड गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

इमारत वाढवता येते, पण मेमरी अशी महाग झाली की प्रोग्रामरची काटकसर कामी येते.

बफर म्हणजे काय?

आलेली माहिती काम होईपर्यंत जिथे ठेवली जाते, ती मेमरीतली तात्पुरती जागा म्हणजे बफर. खाणावळीत प्रत्येक गिऱ्हाईकासाठी नवे ताट विकत आणत नाहीत. तेच घासून पुन्हा मांडतात. सर्व्हरवर मात्र अनेक प्रोग्राम दर विनंतीला नवे ताट मागतात आणि वापरून टाकून देतात. टाकलेली ताटे गोळा करण्यात प्रोसेसरचा वेळ जातो. त्यापेक्षा काही बफर हाताशी राखून फिरवत राहायचे, याला 'पूल' म्हणतात. गो भाषेत तर त्याची सोय तयारच मिळते.

एआयमध्ये प्रश्न आणखी बिकट. उत्तर किती लांबेल हे आधी कळत नाही, म्हणून सर्वांत लांब उत्तराएवढी जागा अडवून ठेवली जायची. दोघांसाठी दहा जणांचे टेबल अडवण्यासारखेच हे. बर्कलेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मोजले, तेव्हा काही प्रणालींत या जागेपैकी जेमतेम २० ते ३८ टक्केच खरी वापरात होती. त्यांनी 'व्हीएलएलएम'मध्ये जागेचे छोटे तुकडे केले. लागेल तसा तुकडा द्यायचा, काम झाले की पुढच्याला. वाया जाणारी जागा ४ टक्क्यांच्या आत आली.

ताट घासलेच नाही तर?

खरी मेख इथेच आहे. २०१४ मध्ये उघड झालेल्या 'हार्टब्लीड' त्रुटीत ओपनएसएसएल विनंतीची लांबी तपासतच नव्हते. त्यामुळे सर्व्हरच्या मेमरीतला एका वेळी ६४ केबीपर्यंतचा मजकूर परक्याच्या हाती जायचा. वापरून झालेल्या पण न पुसलेल्या जागेत पासवर्डही सापडत.

एका प्रोग्रामची जागा दुसऱ्याला देताना ऑपरेटिंग सिस्टीम ती पुसून देते. प्रोग्रामने स्वतःच्या पूलमध्ये राखलेला बफर मात्र प्रोग्रामरनेच सांभाळायचा, आणि पुसायला वेळ लागतो म्हणून नेमके तेच टाळले जाते. नवी मुंबईत सर्व्हर भाड्याने घेणाऱ्या बँकेने किंवा रुग्णालयाने दर आणि वीजपुरवठ्याची चौकशी जरूर करावी. पण आपले सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही एक प्रश्न विचारावा : एका खातेदाराचा बफर दुसऱ्याला देण्याआधी पुसला जातो का?